पोरांच्या हातीं कात्री द्या

गेल्या कार्तिकांत आम्ही वऱ्हाडांतील एका खेड्यांत गेलों होतों. तेथील शाळेंत दुसरीच्या मुलांस सहज पुसलें, "बाळांनो, तुमच्या अंगांतला सदरा कशाचा?" एक पोरगें उठून म्हणालें, "दुकानाचा." वर्गांत कोणी हंसलें नाहीं, कारण सर्वांस तें उत्तर बरोबरच वाटलें! शाळेच्या कुंपणापलीकडे कपाशी फुटली होती, आणि याच पोरांच्या आया तेथें वेचणीला वांकल्या होत्या. ज्यांच्या घरीं कापूस पिकतो त्यांच्या लेंकरांस कापूस आणि सदरा यांचें नातें ठाऊक नसावें, हा दोष लेंकरांचा खचित नव्हे.

पुस्तकांत कपाशीचें चित्र असतें, मेंढीचें असतें, खालीं रिकाम्या जागा असतात. पोर जागा भरतें आणि विसरतें. आमचें म्हणणें असें कीं, पांच-सात वर्षांच्या मुलास कापड समजावयाचें तर त्याला कपडा बेतूं द्यावा. सदराच पाहिजे असें नाहीं. बाहुलीचें झबलें पुरे, आणि चिंध्यांचा आमच्या घरीं काय तोटा? बेतायला बसलें कीं पोर आपण होऊनच विचारूं लागतें: उन्हाळ्याला कोणतें कापड, पावसाला कोणतें? मग तीन तुकडे पुढें ठेवावे आणि प्रत्येकावर पाण्याचा एकेक थेंब टाकावा. धुवट सुती तुकडा थेंब लागलाच पिऊन टाकतो. पॉलिएस्टरवर तो मुरायला बहुधा वेळ लावतो. घोंगडीवर तर मोत्यासारखा बसून राहतो. हें ज्यानें पाहिलें तें पोर, धनगर पावसांत घोंगडीच कां पांघरतो, हें जन्मांत विसरणार नाहीं.

तसेंच ओढण्याचें. सुती तुकडा उभा ओढला तर हटून बसतो, आडवा किंचित् ऐकतो, तिरपा मात्र चांगलाच लांबतो. म्हणून तर शिंपी गळ्याची पट्टी उरेब कापतो. एकेक दोरा उसवून पाहिला कीं ताणा कोणता, बाणा कोणता, हें बोटांना कळतें. दोरा जाळून पाहणें हें मात्र गुरुजींनीं चिमट्यांत धरून करावें, पोरांच्या हातीं काडी देऊं नये. सुताला कागद जळाल्याचा वास येतो, लोकरीला केस जळाल्याचा, आणि पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गोळी होते. तशी वितळलेली गोळी कातडीला चिकटते. आपली आई चुलीपुढें कोणतें लुगडें नेसून बसते, याचा विचार त्या दिवशीं पोर घरीं घेऊन जाईल.

आणि गोधडी! आजीचें लुगडें, आजाचें धोतर, बापाचा फाटका सदरा, सारें एकावर एक टांचलेलें. कोणतें कापड आधीं विरलें, कोणतें टिकलें, कोणाचा रंग उतरला, हें सारें तींत आहे. हें पुस्तक घरोघर आहे, पण तें वाचायला कोणत्या शाळेंत शिकवितात?

आतां कोणी म्हणेल, "म्हणजे विणकराच्या पोराला पुन्हा मागावरच बसवायचें कीं काय?" ही शंका खोटी नव्हे. १९५३ सालीं मद्रास राज्यांत मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनीं शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळांत मुलांनीं आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना काढली. पेरियार रामस्वामींनीं तिच्याविरुद्ध रान उठविलें, आणि १९५४ सालीं कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती गुंडाळली गेली. बरेंच झालें. कोष्ट्याच्या पोरानें माग आणि वकिलाच्या पोरानें कायदा शिकावा, असल्या वांटणीला आमचा सदैव विरोध आहे. आम्ही मागतों तें अगदीं उलट. वकिलाच्या मुलानेंही झबलें बेतावें, मुलींइतकेंच मुलांनीं सुई धरावी, आणि कोष्ट्याच्या पोरीनें गणित सोडूं नये. १०० किलो कापसांतून सुमारें ३४ किलो रुई निघते, बाकीची सरकी. हा हिशेब काय गणित नव्हे?

जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मागितलें होतें कीं, शाळामास्तर शेतकरी वर्गांतले, वेळ पडल्यास नांगराचें रुमणें आणि सुताराचें हत्यार हातीं धरणारे असावे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांस दप्तराविना दहा दिवस गांवच्या कारागिरांपाशीं शिकण्याची सोय सांगितली आहे. ठीक आहे. परंतु सहावीपर्यंत पोराच्या मनांत भरून जातें कीं शहाणपण पुस्तकांत आणि अडाणीपण बापाच्या हातांत. दुसरीच्या पोराला हें अजून ठाऊक नसतें, म्हणून आरंभ तेथून पाहिजे.

त्या खेड्यांत शाळेसमोरच एक शिंपी बसतो. साऱ्या शाळेचे गणवेष त्यानें शिवले. मापें घ्यायला तो व्हरांड्यापर्यंत आला, वर्गांत त्याला कोणी बोलाविलें नाहीं. गांवकऱ्यांनीं शाळा समितीच्या पुढच्या बैठकींत त्याचें नांव घालावें, आठवड्याला एक तास त्याला द्यावा, बसायला गुरुजींच्या शेजारीं खुर्ची द्यावी, आणि त्या तासाचा रोजही द्यावा.