थ्री-नॉट-थ्री निवृत्त झाली, पुढे काय?

२६ जानेवारी २०२० रोजी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री-नॉट-थ्री रायफल अखेरची खांद्यावर घेतली आणि तिला औपचारिक निरोप दिला. खरे तर या निरोपाला फार उशीर झाला होता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफली घेऊन आलेल्या दहशतवाद्यांसमोर आपले शिपाई जे शस्त्र घेऊन उभे होते, ते त्यांच्या आजोबांच्या पिढीचे होते. एक गोळी झाडायची, बोल्ट हाताने मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि मगच दुसरी गोळी. समोरून मात्र गोळ्यांचा वर्षाव चाललेला. शूर माणसांना अशा स्थितीत उभे करणे हा राज्यकर्त्यांच्या दीर्घ अनास्थेचा परिणाम होता. ही रायफल सेवेतून जावी याविषयी त्यामुळे दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. निवृत्त झालेल्या या शस्त्राचे करायचे काय? ठेवायचे, विकायचे की भट्टीत घालायचे?

शेजारच्या नेपाळने या प्रश्नाचे एक उत्तर दिले आहे आणि ते आपण डोळसपणे वाचले पाहिजे. काठमांडूतील लगन सिलेखाना या जुन्या वाड्यात राणांच्या काळापासूनचा शस्त्रसाठा पडून होता. २००३ साली तो दोन अमेरिकन व्यापाऱ्यांनी मिळून विकत घेतला. खरेदीदारांच्याच सांगण्यानुसार त्यात पन्नास हजारांहून अधिक जुनी शस्त्रे होती. त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील ‘ब्राऊन बेस’ बंदुका होत्या, ब्रन्सविक रायफली होत्या, मार्टिनी-हेन्री होत्या. ज्या जातीच्या बंदुकीच्या काडतुसांनी १८५७ चा वणवा पेटायला ठिणगी पुरवली, त्या १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्डही होत्या. मात्र त्या ढिगाऱ्यातील खरे धन वेगळेच होते. जनरल गेहेन्द्र शमशेर या राणा घराण्यातील कल्पक पुरुषाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेपाळमध्ये, नेपाळी कारागिरांच्या हातांनी रायफली घडवून घेतल्या. त्यांच्याच नावाने त्या ‘गहेन्द्र’ म्हणून ओळखल्या जातात. हाताने फिरवायची दुनळी ‘बिरा’ तोफबंदूकही त्यांचीच. या शस्त्रांवरील खुणा आणि आकडे देवनागरीत कोरलेले आहेत. तुम्ही-आम्ही वाचतो तीच लिपी, तेच अंक. एका हिंदू राज्याने इंग्रजांच्या सावलीत राहूनही शस्त्रनिर्मितीत स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची जी धडपड केली, तिचा हा पोलादी पुरावा आज अमेरिकेत हौशी संग्राहकांच्या भिंतींवर टांगलेला आहे. १८९८ पूर्वी घडलेली शस्त्रे तेथील कायद्याने पुराणवस्तू ठरतात, त्यामुळे त्यांच्या आयातीला फारशी आडकाठीही नव्हती.

नेपाळला एकतर्फी दोष देणे मात्र अन्यायाचे ठरेल. तो माओवादी रक्तपाताचा काळ होता. तिजोरी रिकामी होती आणि वाड्यातील शस्त्रे धूळ, घाण व ओल यांत गंजत पडली होती. ती साफ करून, जातवार लावून, त्यांचा इतिहास शोधण्याचे कष्ट खरेदीदारांनी घेतले, हेही मान्य केले पाहिजे. विक्री झाली याचे तितके दुःख नाही. दुःख याचे आहे की, त्या शस्त्रांची चिकित्सा विक्रीनंतर आणि परदेशात झाली. काय विकतो आहोत हे विकणाऱ्याच्या आधी घेणाऱ्याला कळले. गहेन्द्र रायफलीविषयी आज कुणाला जाणून घ्यायचे असेल तर त्याला अमेरिकन संग्राहकांच्या लेखनाकडे वळावे लागते.

आता आपल्याकडे वळू. बंगालमधील इशापूरचा रायफल कारखाना १९०४ चा. थ्री-नॉट-थ्री तेथे इंग्रजांसाठी बनली आणि स्वातंत्र्यानंतर आपल्यासाठीही बनत राहिली. दस्त्याच्या मानेवरील धातूच्या पट्टीवर जुन्या रायफलीत राजमुकुट व सम्राट जॉर्जची आद्याक्षरे दिसतात. प्रजासत्ताकाच्या काळातील रायफलीवर त्याच जागी अशोकस्तंभाचे सिंह येतात. रायफल तीच, धनी बदललेला. सत्तांतराचे इतके बोलके चिन्ह एखाद्या ताम्रपटावरही सापडायचे नाही.

शिवाय ही रायफल ज्यांच्या खांद्यावर होती ती माणसे आपली आहेत. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या वाळवंटात, कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी उपाशीपोटी झुंजल्या. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावाने त्या महायुद्धात ४६ पुत्र गमावले. गावाच्या नावापुढे आज ‘मिलिटरी’ लागते ते उगाच नव्हे. ते युद्ध आपले नव्हते, हे खरे. पण १८ नोव्हेंबर १९६२ ला रेझांग ला येथे मेजर शैतानसिंह यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊँची तुकडी लढली, ते युद्ध तर आपलेच होते ना? त्या गोठवणाऱ्या उंचीवर शंभराहून अधिक जवान धारातीर्थी पडले, तेव्हा त्यांच्या हातात हीच बोल्ट ओढायची रायफल होती. त्या पराभवानंतरच इशापूरने घाईने ७.६२ मिलिमीटरची नवी आवृत्ती घडवली आणि सैन्याच्या हाती स्वयंभरण रायफली आल्या. या घाईत जन्मलेल्या इशापुरी रायफलीही पुढे अमेरिकेच्या जुन्या शस्त्रांच्या बाजारात पोहोचल्या. तेथील संग्राहक आज ती ठेवावी की बदल्यात दुसरी घ्यावी याचा खल करतात. त्यांच्यासाठी तो हौसेचा व्यवहार आहे, आणि त्यात गैर काही नाही. आपल्यासाठी तो १९६२ चा दस्तऐवज आहे.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की, सरसकट ठेवणे जितके अव्यवहार्य, तितकेच सरसकट मोडीत काढणे करंटेपणाचे. हजारो चालू रायफली कोठारांत ठेवणे म्हणजे चोरांना निमंत्रण. परंतु भट्टीत घालण्यापूर्वी प्रत्येक रायफलीचा क्रमांक, वर्ष आणि कारखाना यांची नोंद करायला किती खर्च येणार आहे? त्यातून निवडक नग वेगळे काढावेत. २०१६ च्या शस्त्र नियमांत शस्त्र कायमचे निकामी करण्याची तरतूद आहे. तशा निकामी रायफली अपशिंग्यासारख्या गावांना, सैनिकी शाळांना, पलटणींच्या संग्रहालयांना द्याव्यात. कॅनडाने तर याहून पुढचे पाऊल टाकले. उत्तरेच्या हिमप्रदेशात गस्त घालणाऱ्या कॅनेडियन रेंजर्सकडून २०१८ च्या सुमारास जुन्या ली-एनफिल्ड बदलून घेतल्या, तेव्हा परवाना असलेल्या रेंजरला आपली जुनी रायफल स्वतःजवळ ठेवण्याची मुभा दिली. आपल्याकडे ते जसेच्या तसे शक्य नाही. थ्री-नॉट-थ्री आपल्या कायद्यात प्रतिबंधित बोअरची आहे आणि ती तशी राहावी हेच योग्य.

राहता राहिला घराघरांतील प्रश्न. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. मूळ विधेयकात ती एकच होती. पिढीजात शस्त्रांचा मुद्दा पुढे आला म्हणून दोन झाली. तिसरे शस्त्र वर्षभरात जमा करायचे होते. त्या वर्षी अनेक घरांत आजोबांची रायफल की शेताच्या राखणीची दुनळी, असा पेच पडला असणार. दुनळी रोजच्या कामाची, म्हणून तीच राहणार हे उघड आहे. परंतु ज्या घरात आजोबांची रायफल आजही आहे त्यांनी खंडेनवमीला तिच्यावर हळदकुंकू वाहून वर्षभर तिला गंजत ठेवण्यात काय साधते? नळीला तेल द्यावे. तिच्यासोबतची पलटणीची कागदपत्रे, छायाचित्रे, पदके एकत्र ठेवावीत. ठेवणे शक्यच नसेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे देण्यापूर्वी तिच्यावरील खुणांची छायाचित्रे घ्यावीत. आणि मुलाच्या नावावर करायची असेल तर ती वेळेवर करावी. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, त्याच्या हयातीतच वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. वडील गेल्यावर पोलीस ठाण्यात जमा झालेली रायफल सोडवून आणण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळ सोपा आहे.