सहावा कॅम्प

उल्हासनगरात पत्ता सांगताना आजही आधी कॅम्पचा नंबर सांगतात. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सुमारे एक लाख निर्वासित, बहुतेक सिंधी, येऊन पडले. 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीला नवे नाव मिळाले. कॅम्प झाले पाच. सिंधमधून माणसे येणे मात्र त्यानंतरही थांबले नाही. ती इथल्या नातलगांकडे उतरतात, फर्निचरच्या नाहीतर कापडाच्या दुकानात कामाला लागतात, आणि नागरिकत्वाचा अर्ज भरला की त्यांचा मुक्काम सहाव्या कॅम्पात पडतो, म्हणजे सरकारी टेबलावर.

पहिल्या निर्वासितांच्या वेळी सरकारकडे पैसा नव्हता, माणसे नव्हती, संगणकाचे तर नावही नव्हते. तरीही संविधानाच्या अनुच्छेद 6 ने त्यांचा प्रश्न सरळ सोडवला. स्वतःचा, आईबापांचा किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म अखंड भारतातला असला की पुरे. 19 जुलै 1948 पूर्वी येऊन इथेच राहिलेला माणूस आपोआप नागरिक ठरला. नंतर आलेल्याला सहा महिन्यांचे वास्तव्य दाखवून नोंदणी करावी लागली. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या आजच्या कलम 5 मध्ये मात्र हे आजी-आजोबा नाहीत. आज तिशीत असलेल्या सिंधी माणसाचे आईबाप बहुधा 1947 नंतर पाकिस्तानात जन्मलेले असतात. म्हणून त्याला सात वर्षांचा नोंदणीचा रस्ता बंद होतो आणि सर्वसाधारण नियमाने बारा वर्षे थांबावे लागते. ही बारा वर्षे केवळ अर्जाची पात्रता मिळवण्यासाठी. गुप्तचर खात्याचा अहवाल, जिल्हाधिकाऱ्यांची सुनावणी, मंत्रालय, दिल्ली हे सगळे त्यापुढचे.

तपासणीला आमचा विरोध नाही. शत्रुराष्ट्रातून आलेल्या माणसाची चौकशी व्हायलाच हवी. पण चौकशी सुरू आहे की फाईल नुसती पडून आहे, हे अर्जदाराला कोण सांगणार? दरम्यान तो दीर्घ मुदतीच्या व्हिसावर दिवस काढतो आणि राज्याबाहेरच्या लग्नाला जायचे तरी परवानगीच्या विवंचनेत असतो. पाकिस्तानी पासपोर्टची मुदत संपलेल्या अनेकांना नूतनीकरणासाठी, जो देश सोडला त्याच्याच दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाच्या दारात उभे राहावे लागले. त्यात मूल झाले तर आणखी पंचाईत. आईबापांपैकी एकही भारतीय नागरिक नसेल, तर आज इथल्या प्रसूतिगृहात जन्मलेले मूलही जन्माने भारतीय ठरत नाही.

पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तान्यांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील, असा खुलासा सरकारने केला खरा; पण वीस वर्षे इथे राहिलेल्या माणसालाही तो खुलासा शोधत बसावा लागला.

सुधारित नागरिकत्व कायद्याने हा प्रश्न मिटेल, असे ढोल 2019 च्या डिसेंबरात बडवले गेले. धर्माची चाळणी लावणाऱ्या त्या कायद्यावरचा आमचा आक्षेप कायम आहे. पण ज्यांच्या नावाने तो केला, त्यांच्या पदरी तरी काय पडले? नियम निघायला 11 मार्च 2024 उजाडला. पहिली 14 प्रमाणपत्रे दिली गेली ती 15 मे रोजी, लोकसभेची निवडणूक सुरू असताना. 31 डिसेंबर 2014 नंतर आलेल्यांना तर या कायद्याचा उपयोगच नाही. राजस्थानात अशा विस्थापितांसाठी काम करणाऱ्या सीमांत लोक संगठनेच्या म्हणण्यानुसार, एकट्या 2021 मध्ये सुमारे 800 पाकिस्तानी हिंदू वाट पाहून कंटाळले आणि परत गेले. छळाला भ्यालेला माणूस पुन्हा तिकडेच जातो, तेव्हा आपल्या कचेऱ्यांनी त्याला किती दमवले असेल!

महाराष्ट्राच्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित दाखला विनाकारण रखडवणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. नागरिकत्व हा केंद्राचा विषय असल्याने तिथे हा कायदा पोचत नाही. केंद्राने तसाच नियम स्वतःसाठी करावा: निर्णयाला ठरलेली मुदत, आणि ती उलटली तर लेखी कारण. ठाणे, नागपूर, पुणे आणि मुंबईच्या जिल्हाधिकाऱ्यांना केंद्राने 2016 मध्येच अशा अर्जांवर निर्णयाचे अधिकार दिले होते. या चार जिल्ह्यांत किती अर्ज पडून आहेत आणि सर्वांत जुना कोणत्या वर्षीचा आहे, एवढे तरी राज्य सरकारने येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावे.