मुरूडच्या रेषेवरचा देश

दिवाळी आटोपली आणि लेकीचा ह्यूस्टनहून फोन आला. "बाबा, फेब्रुवारीत दोघंही इकडे या. सगळे मिळून आठ दिवस बेलीझला जाऊ." छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाच्या तोंडून जो प्रश्न निघायचा तोच निघाला, "खर्च किती?" हा देश आहे तरी कुठे, हे विचारायला मात्र संकोच वाटला. फोन ठेवल्यावर माळ्यावरून माझा शाळेतला ॲटलास काढला. त्यात बेलीझ नव्हतेच! असणार कसे? 1973पर्यंत त्या भूमीचे नाव ब्रिटिश होंडुरास होते आणि ती स्वतंत्र झाली 1981मध्ये.

मग एक गंमत दिसली. मुरूडवरून पश्चिमेला सरळ रेघ ओढली, तर ती अरबस्तान, सुदान, माली ओलांडून, अटलांटिक पार करून, जमैकावरून थेट बेलीझच्या उत्तर भागात शिरते. आमच्या नांदगावच्या वाडीतून दिसणारा सूर्य तिथेही साधारण त्याच उंचीवरून जातो. क्षेत्रफळ सुमारे तेवीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे तीन रायगड जिल्हे. माणसे मात्र चारेक लाख. आपल्या एकट्या रायगडची लोकसंख्या 2011च्या जनगणनेतच सव्वीस लाखांवर गेली होती.

आपण ज्याला अगदी घरचा समजतो तो चिकू मूळचा त्याच भागातल्या जंगलांचा. त्याच्या झाडाच्या चिकापासून पूर्वी च्युइंगगम बनत असे. बेलीझच्या दक्षिणेला समुद्रात एका बेटसमूहाचे नावच चिकूवरून पडले आहे. उत्तरेला ऊसमळ्यांच्या मुलखात कलकत्ता नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तिकडे नेलेल्या हिंदी मजुरांचे वंशज त्या भागात राहतात. राज्यकारभाराची भाषा इंग्रजी, पण बाजारात बोलतात ती क्रिओल. आपल्या कोर्लईच्या ख्रिस्ती वाड्यात आजही पोर्तुगीज-मराठी मिसळीची बोली ऐकू येते, तसाच हा प्रकार. पोर्तुगीज 1740मध्ये चौल सोडून गेले. त्यांची भाषा काही गेली नाही.

आमच्या सौभाग्यवतींनी पहिला प्रश्न केला तो पावसाचा. कोकणातल्या बाईला शोभेल असाच. पाऊस जून ते नोव्हेंबर, चक्रीवादळांचे महिनेही तेच. फेब्रुवारी ते मे कोरडे. म्हणजे लेकीने महिना नीट पाहून निवडला होता. ह्यूस्टनमार्गे जायचे तर आधी अमेरिकेचा व्हिसा हवा. परकीय चलनाची तर आता चैनच आहे. मी बँकेत लागलो तेव्हा डॉलर मोजून मिळत आणि त्यांची नोंद पासपोर्टच्या पानावर होई. आज वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परवानगी आहे. अडचण परवानगीची नाही, आमच्या मुदतठेवीची आहे.

ती ठेव वाडीसाठी ठेवलेली. 3 जून 2020च्या दुपारी निसर्ग वादळ आले आणि आमच्या एकशे साठ पोफळींपैकी अकरा उभ्या राहिल्या. नारळ आडवे, घरावरचे पत्रे शेजारच्या वाडीत. पुन्हा लावलेली पोफळ धरायला सहा-सात वर्षे घेते. तोवर खत, पाणी, पंप, कुंपण सारे पदरचे. बेलीझलाही 1961मध्ये हॅटी नावाच्या वादळाने असेच झोडपले. त्यांनी मग राजधानीच सुमारे ऐंशी किलोमीटर आत, बेल्मोपान येथे नेली. आम्ही फक्त पत्रे बदलले.

तिथल्या लोकांचे एक मात्र मला मनापासून पटले. त्यांचे प्रवाळ 1996मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. किनाऱ्यावरची खारफुटी तुटू लागली, तेव्हा 2009मध्ये ते धोक्यातल्या वारशाच्या यादीत पडले. समुद्रात तेल शोधायला कायद्यानेच बंदी केली आणि 2018मध्ये ते नाव त्या यादीतून निघाले. परदेशी पाहुण्यांकडून ते संरक्षणशुल्क घेतात आणि त्यातला पैसा वेगळ्या निधीत टाकतात. आपल्याकडेही काही गावे गाडीमागे पावती फाडतात. जरूर फाडावी! मांडव्याला रो-रो बोट लागू लागल्यापासून शनिवारी गाड्यांची जी रांग येते, ती पाहता तर पावती हवीच. पण वर्षाला किती जमले आणि किनाऱ्यावर किती खर्चले, याचा फलक ग्रामपंचायतीच्या दारावर हवा. तो नसेल तर पाहुणा पावतीला खंडणी समजतो आणि वेफर्सची पिशवी हक्काने वाळूत टाकतो. हिशेब न मांडलेला पैसा हा आला काय अन् न आला काय, सारखाच.

हे सारे मी उत्साहाने सांगत असताना सौभाग्यवती सोलं निवडत होत्या. आम्ही दोन खोल्या पाहुण्यांना देतो. शनिवारी पहाटे पाचला उठून मोदकांची उकड त्याच काढतात. लोकांच्या सुट्ट्या त्यांनी आठ वर्षे रांधून वाढल्या. त्यांची स्वतःची सुट्टी? 1996मध्ये बँकेच्या प्रवास-सवलतीतून काश्मीरला जायचे ठरले होते. मी ती सवलत रोखीत घेतली आणि घराच्या स्लॅबला लावली. त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत, नंतरही नाही. स्लॅब अजून गळत नाही, एवढे समाधान मी करून घेतो.

"आठ दिवस तिथे जेवण कोण करणार?" त्यांनी विचारले.

"हॉटेलवाले."

"भांडी?"

"तीही तेच."

त्यांनी सोलांचे सूप बाजूला ठेवले. मी मुदतठेवीचे व्याज, मुदतीआधी मोडल्यास होणारी कपात, फेब्रुवारीच्या मोसमात बुडणारे भाडे, असे कागदावर मांडू लागलो. तेवढ्यात त्या आत गेल्या आणि पाहुण्यांची वही घेऊन बाहेर आल्या. फेब्रुवारीचे पान काढून त्यांनी दुसऱ्या आठवड्यापासून पुढे तीन आठवडे आडवी रेघ मारली आणि वर ठळक अक्षरांत लिहिले, "खोल्या बंद".

"अहो, आठ दिवस म्हणाली ती," मी म्हटले.

"बाकीचे लेकीकडे," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सूप पुढे ओढले.