हायड्रोजन, निकेल आणि घसारा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हायड्रोजनवर लिहावे, याचे विज्ञान शाखेतील मित्रांना हसू येईल. येऊ द्या. पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, एवढे आम्हीही शाळेत शिकलो आहोत. (आमच्या घरच्या कानडीत हायड्रोजनला ‘जलजनक’ म्हणतात. इथे मात्र जलातूनच जनकाला बाहेर काढायचे!) पुढचा प्रश्न आमच्या शाखेचा आहे : हा हायड्रोजन पडतो केवढ्याला?

सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले. तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची आणि उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे. इंदूरला बडा गणपतीजवळ माझी मावशी राहते. सुट्टीत तिथे गेलो की पोह्यांच्या गाडीवर हा विषय हटकून निघतो. रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस काढणारा प्रकल्प त्या शहरात २०२२ साली सुरू झाला. तेव्हा ‘आता हायड्रोजनच्या बसा’ असे तिथला माणूस सहज बोलून जातो. त्याच राज्यात, गुना जिल्ह्यातील विजयपूर येथे, ‘गेल’ने २०२४ साली १० मेगावॅटचा प्रकल्प उभा केला. क्षमता रोज ४.३ टन. अभिमान वाटावा असेच हे काम आहे. पण पाणी फोडणारे मूळ यंत्र, म्हणजे इलेक्ट्रोलायझर, कॅनडाहून आले.

आपण मेगावॅट मोजतो आणि खर्चाचे खरे कलम नजरेआड करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कलम म्हणजे विजेचे बिल. आणि त्याचा बराचसा भाग इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर ठरतो. हिशेब पाहा. एक किलो हायड्रोजनसाठी दर व्होल्टमागे सुमारे २६.६ युनिट वीज लागते. पुस्तकात पाणी १.२३ व्होल्टला फुटते, कारखान्यात १.८ ते २ किंवा त्याहून अधिक व्होल्ट द्यावे लागतात. चांगल्या इलेक्ट्रोडने एक दशांश व्होल्ट वाचवला, तर किलोमागे २.६६ युनिट वाचतात. युनिटला ५ रुपये धरले तर १३ रुपये झाले. विजयपूरएवढ्या प्रकल्पात ही बचत वर्षाला दोन कोटींवर जाते, आणि तीही दरवर्षी.

विजयपूरच्या यंत्राची पद्धत आम्लधर्मी पडद्याची आहे. तिथे प्लॅटिनम आणि इरिडियम लागते. इरिडियम साऱ्या जगात वर्षाला सात-आठ टन निघते, आणि त्यातले बहुतेक दक्षिण आफ्रिकेत. कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मात्र निकेलवर भागते. ही वाट जुनीच आहे. नंगलच्या खत कारखान्यात १९६० च्या दशकात भाक्राच्या विजेवर पाणी फोडूनच अमोनियासाठी हायड्रोजन काढत. उणीव एकच, साधे सपाट निकेल व्होल्ट फार खाते. म्हणून आता हायड्रोजनच्या बाजूला निकेल-मॉलिब्डेनम आणि ऑक्सिजनच्या बाजूला निकेल-लोखंड असे मिश्रधातू, काही नॅनोमीटर आकाराच्या कणांनी, जाळीवर चढवतात. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, त्यातलाच हा प्रकार. वजन तेच, पृष्ठभाग कितीतरी पट. बडा गणपतीची मूर्ती सुमारे पंचवीस फुटांची. पण भक्ताच्या डोळ्यांना भिडतो तो तिच्यावरचा शेंदूर. इलेक्ट्रोडचेही (देव मला क्षमा करो) तसेच आहे. आत साधी जाळी, काम करते ती वरची कात!

ही विद्या आपल्याला परकी नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने सच्छिद्र निकेल इलेक्ट्रोडचा इलेक्ट्रोलायझर स्वतः बनवला आहे. ‘निकेलही बाहेरूनच येते ना?’ असे एका मित्राने विचारले. येते. पण जगात ते वर्षाला तीस लाख टनांहून अधिक निघते आणि अनेक देश ते विकतात. सात टनांच्या बाजारात उभे राहणे वेगळे.

मला खरी धास्ती आहे ती घसाऱ्याची. सौर विजेवरचे यंत्र संध्याकाळी बंद पडणार. बंद पडताच आतल्या आत काही काळ उलटा प्रवाह वाहतो आणि ती कात गंजते, सुटते. मॉलिब्डेनम तर द्रावणात विरघळूही लागते. प्रयोगशाळेतला इलेक्ट्रोड काहीशे तास टिकला तरी त्यावर शोधनिबंध होतो. कारखानदाराला तो साठ हजार तास टिकायला हवा. मग घसारा कोणत्या दराने धरायचा? सात वर्षांचा, की सात महिन्यांचा? हे कळल्याशिवाय बँक कर्ज कशाच्या आधारावर देणार?

म्हणून एकोणीस हजार कोटींतला एक वाटा केवळ या परीक्षेसाठी राखावा. देशात बनलेला प्रत्येक निकेल इलेक्ट्रोड सरकारी खर्चाने रोज चालू-बंद करून वर्षानुवर्षे चालवावा आणि निकाल सर्वांसाठी छापावा. त्या तक्त्यात तीन रकाने पुरेत : किती तास चालला, किती वेळा थांबला आणि व्होल्ट किती चढला.