तलवार घासू नका, आधी वाचा!

मागच्या खंडेनवमीला आजोळी, जिंतूर तालुक्यात गेले होते. मामांनी माळवदाच्या खोलीतून जुनी तलवार काढली. वर्षातून एकदा झेंडूचा हार, हळदीकुंकू, की परत गोणपाटात. या वेळी मात्र ती आरशासारखी चमकत होती. मामेभावाने वेल्डिंगच्या दुकानात नेऊन ग्राइंडरवर पॉलिश करून आणली होती. "रीलमध्ये कसली भारी दिसते ना ताई?" आज्जी पात्यावर बोट फिरवत म्हणाली, "मुठीपाशी कायतरी अक्षरं होती रे." होती. आता नाहीत.

अशा अक्षरांची किंमत काय असते? नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार आठवते ना? २९ एप्रिल २०२५ ला लंडनमध्ये सोदबीजच्या लिलावात आपल्या राज्य सरकारने ती मिळवली. सरकारने सांगितलेली रक्कम ४७ लाख १५ हजार. १८ ऑगस्टला ती मुंबईत आली, तेव्हा तुमच्यापैकी अर्ध्यांनी स्टेटस ठेवलं असेल. पण ती रघुजींची हे कळलं कशावरून? पात्याच्या पाठीवर सोन्यात देवनागरी अक्षरं आहेत: 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'. त्यावरून कुणी ग्राइंडर फिरवला असता तर?

आणि गंमत बघा, तिचं पातं युरोपातलं आहे. मूठ आपली, पातं परदेशी, म्हणून 'फिरंग'. त्यामुळे घरच्या तलवारीवर परकी खूण दिसली की लगेच "ही इंग्रजांची" म्हणून मोकळे होऊ नका.

मग बघायचं काय? आधी मूठ हातात धरा. जुनी मूठ आजच्या हाताला बहुतेक वेळा अपुरी पडते. मूठ आणि पातं जिथे मिळतं तिथे लाखेसारखा काळा डिंक दिसतो का पहा; पातं बसवायची जुनी रीत तीच. तिथे ताजं वेल्डिंग दिसलं तर समजून घ्या. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असेल तर थांबा. ते मुशीत वितळवलेलं पोलाद असू शकतं. अर्थात ॲसिड लावून खोटी नक्षीही काढतात, पण ती बहुधा वरवरची असते, पोलादाच्या अंगची नसते. अशा पोलादासाठी इराणचे व्यापारी कुठे यायचे माहितीये? कोनासमुद्रमला. म्हणजे आपलं नांदेड ओलांडलं की निजामाबाद, तिथे. दमास्कसच्या नावाने जगभर गाजलेल्या पात्यांच्या पोलादाचं एक मोठं गाव आपल्या इतक्या जवळ, आणि आपण फॉरवर्ड काय करतो, तर 'वीस किलोची तलवार'! लढाईतल्या बहुतेक तलवारी किलोभराच्या आसपासच असायच्या. वीस किलो घेऊन घोड्यावर बसून दाखवा बरं.

भाऊ म्हणतो, ती देवघरातली वस्तू आहे, म्युझियमची नाही. मान्य. पण जावा बेटावर 'क्रिस' नावाची कट्यार अशीच पिढ्यान्‌पिढ्या घरात असते. दरवर्षी विधीपूर्वक धुतात, तेल लावतात. २००५ मध्ये युनेस्कोनेही तिची दखल घेतली. पूजा आणि जतन एकत्र होतं तिथे. आपल्याकडेही कोरडं मऊ कापड आणि तेलाचा हलका हात एवढंच पुरे. पॉलिश पेपर, लिंबू, चिंच काही नको.

खरं तर मला जास्त राग येतो तो ऑनलाइन मागवलेल्या नव्या कोऱ्या तलवारींचा. केक कापायचा, कॅप्शनमध्ये इतिहास लिहायचा, आणि दोन दिवसांनी शस्त्र अधिनियमाखाली नाव पेपरात. नऊ इंचांपेक्षा लांब पातं म्हणजे खेळणं नव्हे. घरातली जुनी असली तरी मिरवणुकीत नाचवायला ती नाहीच. आणि विकायचा मोह झालाच तर लक्षात असू द्या, शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ती तुम्ही देशाबाहेर पाठवू शकत नाही, आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. भंगारवाला किलोवर मागतो, त्याच्याकडे तो नसतो.

परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने हैदराबादला जाता येतं. सालारजंग म्युझियममधली शस्त्रं एकदा बघून या, मग घरची पुन्हा बघा. दोन्ही बाजूंचे, मुठीचे, पाठीचे फोटो काढा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ती कुठून आली ते लिहून ठेवा.

मी आज्जीला विचारलं, अक्षरं कोणती होती? तिला शाळा मिळाली नव्हती. ती म्हणाली, "पहिलं अक्षर 'श्री'सारखं होतं. पुढचं तू वाचशील म्हणून ठेवलं होतं."