दात्याचे हाड रुजते कसे?

हाडातली गाठ काढली की पोकळी उरते. ती भरायला कधी दात्याचे हाड वापरतात. ‘दुसऱ्याचा रोग येईल का?’ हे भय रास्तच. म्हणून मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या टिश्यू बँकेत (स्थापना १९८८) दानातले हाड सुकवून त्यावर गॅमा किरण सोडतात. मात्रा साधारण २५ किलोग्रे. किरण हाडात उरत नाहीत.

पण जंतू मारताना हाडालाही झळ लागतेच. क्षार हे सिमेंट, कोलॅजेन ही सळई. मात्रा वाढली की सळई तुटते, हाड ठिसूळ होते. वाफेवर शिजवले तर नवे हाड उगवणारी प्रथिनेही जातात.

दात्याचे हाड म्हणजे परांची. आपल्या पेशी तीत शिरून हळूहळू नवे हाड रचतात. महिने लागतात, कधी वर्षे. रोजी बुडते, खरे; तरी डॉक्टरांना विचारल्याविना पायावर भार देऊ नका. आणि बिडी बंद! तिने हाड जुळणे लांबते.