सतरंजीचं दुसरं टोक

आभारप्रदर्शन हा कार्यक्रमातला सर्वांत निरुपयोगी भाग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ते सुरू झालं की लोक चपला शोधू लागतात. त्या गलबल्यात वक्ता शेवटी ‘अज्ञात हातांचे’ आभार मानतो. अहो, अज्ञात कसले? पाणी संपलं, माईक कुरकुरला, की दिवसभर हाक त्यांनाच! आभाराच्या वेळी तेवढे अज्ञात होतात.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही छाती फुगवून म्हणतो. आमच्याकडे १९९५ साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. दर फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांचा उरूस असतो. आषाढी वारीला निघालेली शेगावची पालखी जिल्ह्यातून जाते. शिवाय गणपती आहेतच. हे सगळं काय आपोआप होतं? पण एकदा ज्यानं पंगतीत वरणाची बादली उचलली, त्याच्या हातून ती जन्मात सुटत नाही.

मी एका मंडळात राजीनामा द्यायला गेलो. अध्यक्ष म्हणाले, “ठेवा तिथं, भाऊ. पण त्याच्यावर विचार करायला बैठक घ्यावी लागंल. तेवढी निमंत्रणं वाटून टाका!” पुढे त्यांनी माझा सत्कार ठेवला. सत्काराच्या सतरंज्या मीच अंथरल्या आणि शाल खांद्यावर सावरत मीच गुंडाळल्या. हारही मीच आणला होता. पावती अजून मंजूर व्हायची आहे.

आमचंच काय घेऊन बसलात? संयुक्त राष्ट्रांनीसुद्धा १९८५ साली ५ डिसेंबर हा स्वयंसेवकांचा दिवस म्हणून ठरवला. हेतू उत्तम. पण त्या दिवशीच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या कोण मांडतं, हे कुणी विचारलंय का?

काही थोर मंडळी म्हणतात, सेवा करणाऱ्यानं थकायचं नसतं. हे बहुधा लोडाला टेकून सुचलेलं असतं. थकलेला कार्यकर्ता भांडत नाही. तो एक दिवस यायचा थांबतो. मग हेच थोर लोक हळहळतात, “आजकाल सेवाभाव राहिला नाही हो!”

या मंडळींनी एकदा गंगाखेडला जाऊन यावं. ते आमच्या जनाबाईचं गाव. पुढे पंढरपुरात नामदेवांच्या घरी ती दळणकांडण करी. ती दमली तेव्हा विठ्ठलानं काय केलं? शाल दिली नाही, मानपत्र वाचलं नाही. कथा सांगते की तो तिच्यासमोर बसला आणि जात्याच्या खुंट्याला त्यानं हात घातला. शेण्यासुद्धा वेचल्या. जे देवाला कळलं, ते कार्यकारिणीला कळू नये?

तेव्हा माझी मागणी साधी आहे. शालीचे पैसे वाचवा. सतरंजी एकट्याला नीट घडी करता येत नाही, तिरकी जाते. येऊन दुसरं टोक धरा. अध्यक्षांनीही धरावं, पाठीला चांगलं असतं. आणि वर्षातून एकदा तरी वाढणाऱ्याला पहिल्या पंगतीला बसवा. गरम वरण कसं लागतं, हे त्यालाही कळू द्या की!